आवाज न करता येणारी

मी विजेवर चालणारी एक स्कूटर बोलतेय. तुम्ही म्हणाल, ही कधीपासून बोलायला लागली? खरं आहे. आमच्या घराण्यात बोलायची पद्धतच नाही. बटण दाबलं की समोर एक हिरवा दिवा लागतो, एवढंच काय ते आमचं बोलणं. पण याच गप्प बसण्यापायी एका चांगल्या घरातून माझी पाठवणी होता होता राहिली, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथून मी दुकानाच्या काचेआड येऊन उभी राहिले. बघायला येणारा प्रत्येक जण माझ्या टायरला लाथ मारून जायचा. टायरला लाथ मारून माणसांना नक्की काय कळतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मग एक दिवस ताई आली. ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या नळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या आणि मुलांनी सांडलेलं पुसायचं. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे आधी पेट्रोलची एक स्कूटर होती. तिला मी थोरली म्हणते. थोरली फार थकली होती, भर चौकात बंद पडायची आणि ताईला उशीर झाला की शाळेत बोलणी बसायची. शेवटी मन घट्ट करून ताईने तिला निरोप दिला आणि मला घरी आणलं.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. मी चालू झालेय हे ताईला कळेचना. "बंदच आहे वाटतं," म्हणत तिने मूठ पिळली आणि आम्ही दोघी थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांत.

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, येतेस म्हणून निदान सांगायचं तरी."

खरा घोटाळा मात्र तिसऱ्या मजल्यावर झाला. तो मला कसा कळला म्हणाल, तर माझ्या बॅटरीमुळे. रोज घरी आल्यावर ताई ती काढते आणि चार्जिंगला वर नेते. म्हणजे माझं काळीज रोज त्यांच्या घरात, चपलांच्या कपाटाशेजारी असतं.

वर ताई आणि तिचे बाबा, दोघंच राहतात. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. काचबिंदूने नजर गेली आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकली. धडपडतील म्हणून ताई त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नसे. एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. थोरलीचा सायलेन्सर फुटका होता. ती गल्लीच्या तोंडाशी आली की बाबा खुर्चीतून उठायचे, भिंत चाचपत पुढे यायचे आणि ताई जिना चढून येईपर्यंत दार सताड उघडं असायचं. तो सायलेन्सर बदलायचा विषय निघाला की बाबाच मोडता घालायचे.

आणि आता आले मी. मांजरीच्या पावलांनी.

पहिल्या संध्याकाळी ताई बॅटरी सावरत दारात उभी राहिली. दार बंद. तिने पिशवीतून किल्ली शोधून उघडलं, तसे बाबा दचकले.

"कोण आहे?"

"मीच, बाबा."

"आलीस होय? कळलंच नाही."

नंतर ते दुपारपासूनच खिडकीशी कान लावून बसू लागले. कुणाचीही गाडी वाजली की उठायचे, दार उघडायचे आणि रिकाम्या जिन्याला विचारायचे, "आलीस का गं?" असं पुष्कळदा झालं. मग त्यांनी उठणं सोडलं. हळूहळू बोलणंही कमी झालं. जेवण पुढ्यात ठेवलं तरी चिवडत बसायचे. एवढं एक काम होतं त्यांच्याकडे, आणि ते मी काढून घेतलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने एक युक्ती काढली. गल्लीच्या तोंडाशी आली की हॉर्न वाजवायला लागली. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि बाबांचं दार उघडलंच नाही.

"हॉर्न वाटेत आडव्या आलेल्याला देतात," बाबा शांतपणे म्हणाले. "मी आडवा आलोय का तुझ्या?"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने दुकानात फोन करून मला परत घ्याल का विचारलं. शनिवारपर्यंत आणा, असं उत्तर आलं. शाळेतला उशीर, बोलणी, बसच्या रांगा, सगळं पत्करायची तिची तयारी होती.

शनिवारी ती निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "मलाही ने. थोरलीला घालवून काय आणलं होतंस, ते बघू दे तरी."

खाली आल्यावर त्यांनी मला डोक्यापासून चाकापर्यंत चाचपलं. "सांधे बरे जमलेत," एवढंच म्हणाले आणि मागे बसले. थोरलीवर ते कधी बसत नसत. आधीच डोळे नाहीत, त्यात तिच्या फटफटीने कानही जायचे.

आम्ही निघालो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "पूल आला ना? खाली पाणी वाहतंय."

"हो बाबा."

"आणि ही कात्री वाजतेय, म्हणजे केस कापायचं दुकान. अजून चालतंय म्हणायचं."

ताईने माझा वेग कमी केला. दोघं चक्क गप्पा मारत होती, कुणीही न ओरडता. तेवढ्यात बाबांनी तिचा खांदा दाबला.

"थांबव. कुणीतरी रंधा मारतंय. पातं बोथट झालंय त्याचं."

तो खुर्च्या बनवायचा कारखाना होता. बाबा ताईचा हात धरून आत गेले. मालक आधी गांगरला, मग त्याने स्टूल पुढे केलं. बाबा बाहेर आले तेव्हा केसांत लाकडाचा भुसा होता आणि चेहरा असा, की ताई बघतच राहिली.

"तुला दुकानात जायचं होतं ना?"

"बंद झालं असेल आता," ताई म्हणाली. बंद झालं नव्हतं.

आता रोज सकाळी ती बाबांना कारखान्यात कामाला सोडते आणि मग शाळेत जाते. बाबा खुर्च्यांना शेवटचा हात मारतात. घरी येतात ती दोघं एकदमच. कडी काढायला आत कुणी नसतं, आणि बाबांना त्याचं काही वाटत नाही.

माझी सीट आता उसवलीय, मला पूर्वीइतकं लांब पळवतही नाही. पण माझी काही तक्रार नाही. ज्यांचा मी एवढा अपराध केला, ते रोज माझ्या पाठीवर बसतात, उतरताना थोपटतात. आणखी काय हवं? तुमच्या दारात माझी एखादी बहीण आली, तर मुकी म्हणून तिला परत धाडू नका. तिच्यावर बसून एकमेकांशी बोलून बघा.

संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या दाराशी येतो, ते बाबांना कळत नाही. ताईही लगेच हाक मारत नाही. हेल्मेट काढून माझ्यावर नुसती बसून राहते. आत बाबा खुर्चीच्या पाठीवरून तळवा फिरवतात, एका जागी थांबतात, पॉलिश पेपर घासतात आणि स्वतःशीच गुणगुणतात. नजर गेल्यापासून तिने ते गुणगुणणं ऐकलं नव्हतं. थोरली असती, तर तिचा आवाज ऐकून ते केव्हाच उठून उभे राहिले असते.