महाराजांचा कप

मेजावरून कप गायब होता. बशी होती, चमचा होता, कप तेवढा नाही.

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. राजवाड्याचं संग्रहालय झालं तेव्हापासून महाराजांचं न्याहारीचं मेज जसंच्या तसं मांडलेलं असे, आणि रोज दहा वाजता अधीक्षकबाई एकेक वस्तू यादीशी ताडून बघत. दहाला सात मिनिटं होती. त्यात आज यानं स्वतःच घोळ घातलेला. घरी लक्ष ठेवायला कुणी नाही, म्हणून विसराळू झालेल्या बापाला मागच्या दारानं आत आणून बाकावर बसवलं होतं. नोकरीत कायम होण्याच्या कागदावर याच आठवड्यात बाईंची सही व्हायची, आणि हा शहाणा नियम मोडून मोकळा!

बाकही रिकामा होता.

तो धावत सुटला. दालनं, जिना, पुन्हा दालनं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. बापानं याच वाड्यात तीस वर्षं महाराजांना न्याहारी वाढली होती. न्याहारी झाली की कप उचलायचा, ही हाताला जडलेली सवय.

जुन्या मुदपाकखान्यात आता झाडू ठेवत. तिथला नळ वाहत होता. म्हातारा कप विसळत होता, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा.

"बाळ्या, फडकं दे रे. महाराजांचं झालं."

"अण्णा, आधी द्या तो इकडे!"

"कोण आहे हा माणूस?" दारात अधीक्षकबाई उभ्या होत्या.

त्याच्या तोंडून निघून गेलं, "माहीत नाही, बाई. मी नाही ओळखत."

म्हाताऱ्याचा हात थांबला.

"मग पोलिसांना फोन लावा."

त्यानं फोन काढला. बापानं कप शर्टाच्या टोकानं कोरडा केला आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. तीस वर्षांत त्यानं त्या कपाचा टवकाही उडू दिला नव्हता. पहारेकऱ्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. फोन परत खिशात गेला.

"बाई, खोटं बोललो. हे माझे वडील. मीच आणलं त्यांना आत."

"खरं का हो, आजोबा?"

म्हातारा ताठ उभा राहिला. पोराच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'हंगामी' लिहिलं होतं, ते त्यानं सावकाश वाचलं.

"नाही, बाईसाहेब. मी एकटाच आलो, मागच्या दारानं. या साहेबांना मी ओळखत नाही."