कात टाकणारा देव

डोळखांबच्या वरल्या अंगाच्या एका पाड्यावर त्या उन्हाळ्यात माणूस इतका लोटला, की म्हशींना आपल्याच गोठ्याची वाट विचारावी लागे. भातसानगरहून धरणावरची माणसं आली, मुरबाडचे दुकानदार जीप करून आले, वाशिंदचे कारखान्यातले लोक रजा टाकून आले. सगळे एक दगड बघायला. शेताच्या कोपऱ्यातला, बैठ्या रेड्याएवढा गोल दगड. पण हा दगड सापासारखी कात टाकी!

शामबाबा त्याचा पुजारी. आदल्या सालापर्यंत हा इसम मुरबाडच्या बाजारात टक्कल घालवायचं तेल विकत असे, स्वतःच्या डोक्याला घट्ट फेटा बांधून. आता तो दगडाभोवती काटक्या, पाला, शेण रचून पेटवी आणि आग निवत आली की आरोळी ठोके,

"देव तापला रं! देव म्हातारपनाला कटाळला! ज्याच्या मनात पाप हाय, त्यानं मागं सरा!"

मागं कुणीच सरत नसे. उलट पुढच्याच्या पाठीत कोपर बसे.

मग हंडाभर गार पाणी. फाट्! देव बोले, तांबूस पापुद्रा सुटून खाली पडे, आणि आतून काळंभोर नवं अंग दिसे. बायका लोळण घेत. पापुद्र्याची पूड गुळात कालवून शामबाबा वाटी. "देवानं म्हातारपन टाकलं, तुमी दुखनं टाका. पन पोटात दवाखान्याची गोळी असंल, तर देव आत येत नाय. त्याला बसायला जागा नको?"

गर्दीच्या कडेला शाळेच्या समीक्षाबाई उभ्या होत्या. एरवी त्या हसल्या असत्या. पण पाड्यावरच्या सावळीला क्षय झाला होता आणि तिच्या औषधाचा डबा सरकारी दवाखान्यानं शाळेत ठेवला होता. एक दिवसाआड सावळीनं यायचं, बाईंच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. तिचा खोकला उतरला होता, गालही जरा भरले होते. आणि आता ती यायची थांबली होती.

बाई तिच्या अंगणात गेल्या. नवरा, कमळू, दोर वळत बसला होता.

"कमळूदादा, सावळीला पाठवत का नाही?"

"बरी झाली ना ती. देवाची पुडी चालू केलीय."

"खोकला थांबला म्हणजे रोग गेला असं नसतं हो. अर्ध्यात सोडलं तर पुढं गोळी लागूच पडत नाही."

आतून सावळी म्हणाली, "बाई, गोळी खाल्ली का मळमळतं, वकारी येते. दगूड खाल्ला का काय बी व्हत नाय."

परतताना बाईंनी वाटेतला एक गोल दगड हेरून ठेवला.

पुढच्या रविवारी त्यांनी शाळेच्या पटांगणात तो आणवला, देवासारखाच, पण लहान. 'बाई देव सोलनार' ही बातमी पोरांनी घरोघर नेली, त्यामुळं झाडून सगळा पाडा जमला.

"हा दगड कुठला?"

"बुधूमामाच्या राबाजवळचा!" पोरं ओरडली.

"याला कधी शेंदूर लागलाय?"

"नाय! त्याच्यावर कुत्रं बसतं!"

बाईंनी जाळ केला, दगड तापवला, बादली ओतली. फाट्! पापुद्रा सुटला.

"बघितलंत? फार फार वर्षांपूर्वी इथली जमीन उलली, आतून तापलेला रस वाहत आला. तो निवून हा काळा दगड झाला. पावसाचं पाणी भेगांतून शिरतं, दगड कडेकडेनं कुजतो, कांद्यासारखे पापुद्रे धरतो. त्यात तुम्ही भाताचं रोप टाकण्याआधी दरसाल त्याच कोपऱ्यात राब भाजता. पाला, शेण, काटक्या. आजे-पणजेही तिथंच भाजायचे. शेजारचा दगड पिढ्यान् पिढ्या शेकत आलाय. तापली की साल फुगते, पाणी पडलं की आकसते आणि तडकून सुटते. बाबा देवापुढं राबच भाजतो! हे पापुद्रे चुरून मुरूम होतो, मुरमाची माती, मातीत तुमचं भात. वाहून गेलेली माती समुद्राच्या तळाशी साचते, थरांखाली दबून पुन्हा दगड होते. तो दगड खोल गेला तर पुन्हा वितळेल, पुन्हा वर येईल. यात औषध कुठं आलं?"

 मग म्हातारी जनाबाई काठी टेकत पुढं आली. बाईंना वाटलं, चला, एक तरी पटली. जनाबाईनं कनवटीची हळद काढून दगडाला फासली.

"हितंबी परगटला गो! बाईच्या हातून!"

दुसऱ्या दिवशी पटांगणात नारळांचा ढीग. शामबाबा स्वतः हात जोडून हजर. "बाई, तुमी तर आमच्या वरताण निघालात. तुमचा देव सकाळी, आमचा दुपारी. भांडन नको."

संतापून बाईंनी घण मागवला आणि दगडाचे तुकडे केले. लोकांनी ते तुकडे पदरात बांधून नेले. मोठा तुकडा कमळूनं नेला.

भाताची लावणी सरली तेव्हा सावळीच्या तोंडातून रक्त आलं. बाईंनी तिला डोलीत घालून दवाखान्यात पोचवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण रोग आता त्यांना जुमानेना. याहून वरचं, जालीम औषध मुंबईला मिळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते येईपर्यंत सावळी राहिली नाही.

बाई भेटायला गेल्या. कमळू उंबऱ्यात बसला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"बाई, शामबाबाचा दगूड मी बंदच केला व्हता. तुमच्या हातचा दिला तिला. रोज उगाळून दिला."

शामबाबा पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या पाड्यावर गेला. दगड तिथंही आहेत, राबही तिथं भाजतात.

वाचणाऱ्यांनो, दगडाची माती व्हायला आणि मातीचा पुन्हा दगड व्हायला लाखो वर्षं पडली आहेत. त्याला घाई नाही. आपली छाती एवढी थांबत नाही. जो औषध थांबव म्हणेल, तो बाबा असो, शेजारी असो, की सख्खा नवरा, त्याला भर चौकात विचारा, का? आणि त्याला उत्तर सुचेपर्यंत गोळी गिळून मोकळे व्हा.