सिस्टरबाईंची रंगीत तालीम

“मी लोडले आंघोय घालू?” शेजारच्या भागाबाईंनी बादली खाली आपटली. “सिस्टरबाई, तुम्ही आजून जित्त्या शेतस ना!”

“म्हणून तर शिकवता येतंय,” हन्नाबाई नवगावकर म्हणाल्या.

हन्नाबाई निवृत्त नर्स. धुळ्याच्या त्या गल्लीला ठाऊक असलेलं ज्यू घर हे एकच. नातेवाईक ठाण्याला, म्हणजे गाडीने सहा तास. शनिवारचा स्वयंपाक शुक्रवारीच उरकणाऱ्या बाई स्वतःचं मरण आयत्या वेळेवर कसं सोडणार? कफन शिवून तयार होतं. बाजेवर लोड प्रेत म्हणून निजला होता.

अवघड नियम एकच. अंगावरून ओतायचं पाणी मध्ये तुटता कामा नये. पहिली बादली संपण्याआधी दुसरीची धार लागली पाहिजे. पहिली बादली भागाबाईंकडे, दुसरी समोरच्या अमिनाबींकडे होती, आणि नळावरच्या भांडणापासून या दोघी शेजारणी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. गल्लीत इतक्या शिस्तीने दुसरं काहीच पाळलं गेलं नव्हतं.

“हमारे में भी नहलाते, बाई. मेरेकु सब मालूम,” अमिनाबी म्हणाल्या. “इनको बोलो, टाइम पे हटना.”

“तिले सांगा, माले शिकाडू नको!”

त्या पहिल्या रविवारी धार चार वेळा तुटली.

“एखादी पगारी बाई बघा ना,” अमिनाबी वैतागल्या.

“जिवंत माणसाचं केलं, की तो कधीतरी फेडेल असं मनात येतंच,” हन्नाबाई म्हणाल्या. “मेलेला साधे आभारही मानत नाही. आमच्यात हीच खरी दया. ती पगारी कशी चालेल?”

पाचव्या रविवारी लोड निर्दोष न्हाला.

श्रावणात एका मंगळवारी पहाटे हन्नाबाई गेल्या. दोघींनी दार लावून घेतलं. भागाबाईंची बादली तळाला आली.

“टाक आते,” त्या म्हणाल्या.

“डाल रही,” अमिनाबी म्हणाल्या.

दुपारी ठाण्याहून चुलत बहीण रिबकाबाई आल्या. पिशवीत नवं कफन, बाह्या गाडीतच वर सारलेल्या. सगळं पुन्हा करावं लागणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आत जाऊन त्यांनी एकेक गाठ, एकेक घडी पाहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

“पाणी तुटलं होतं?”

“नही तुटनं,” भागाबाई ताठ मानेने म्हणाल्या. “एक बार भी नही,” अमिनाबींनी लगेच जोडलं.

रिबकाबाईंनी बाह्या खाली ओढल्या, मनगटावरची बटणं लावली, आणि सतरंजीवर बसलेल्या त्या दोघींच्या मध्ये जागा मागितली.