बेट न पाहिलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, बूट घासायचा. माझी मूठ लाकडाची आणि केस काथ्याचे. नायरी टलक हिने मला इन्व्हरकार्गिलच्या एका दुकानातून आणले, त्याला एकोणीस उन्हाळे झाले. तेव्हापासून मी ब्लफ बंदरातून दक्षिणेला जाणाऱ्या जहाजावर, शिडीजवळच्या बादलीत राहतो.

प्रवासी कॅम्पबेल बेटावर चालायला आणि अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी पाहायला उतरतात. त्याआधी त्यांच्या बुटांत घरची माती किंवा गवताचे बी राहता कामा नये. परके गवत तिथे रुजले, की बेटाच्या आपल्या झाडांना जागा उरत नाही. लोक परतले, की मी पुन्हा बूट घासतो. मी बेट पाहिले ते एवढेच: काळा ओला चिखल, सी-लायन या समुद्री प्राण्याचा उग्र वास, कधी एखादे पांढरे पीस. जहाज हलते, बादली हलते, मीही हलतो. एकदा तरी तिथे उतरावे, ही तळमळ काही जात नाही.

नायरी ही प्रवाशांची वाटाडी. तिचे गुडघे थकले होते, आणि ही गोष्ट तिच्या शेवटच्या फेरीची. एकवीस वर्षांपूर्वी तिने बेटावर एका अल्बाट्रॉसच्या पिल्लाच्या पायात ओळखीसाठी नंबर कोरलेले कडे घातले होते. त्याला पुन्हा एकदा पाहायचे, एवढेच तिला हवे होते. दोन दिवस समुद्र खवळलेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी कप्तान म्हणाला, की वारा फिरायच्या आत बोटी एकदाच बेटावर जातील.

नायरी सकाळपासून एका जागी उभी राहत नव्हती. शेवटच्या बोटीसाठी विंटन गावचा मर्डोक उरला होता. त्याची मेंढ्यांची शेती होती. नायरीने त्याला बूट पुन्हा घासायला दोनदा परत पाठवले होते.

"माझ्या मेंढ्यांचीसुद्धा कधी एवढी झडती झाली नाही," तो कुरकुरला.

"मेंढ्या मोज्यांत अख्खं कुरण घेऊन हिंडत नाहीत. हं, झालास स्वच्छ. चल."

"आणि तू? पाय वर कर."

"मी नियम लिहिलेत, मर्डोक."

"म्हणूनच म्हणतोय. कर वर."

तिने हसत पाय वर केला. त्याने माझ्या टोकाने बुटाची नाड्यांखालची जीभ उलटली. शिवणीत गवताचे एक कुसळ होते.

नायरीचा चेहरा उतरला. बेटावर उतरायचे बूट घरी कधी घालू नका, असे ती प्रत्येक फेरीत बजावते. निघायच्या सकाळी मात्र गुडघे चढ सोसतील का, हे पाहायला ती तेच बूट घालून घरामागच्या टेकाडावर चढली होती.

"एकच तर आहे," मर्डोक हळूच म्हणाला. "काढलं मी. कोणी बघितलं नाही."

कुसळ सापडले, की बूट औषधाच्या पाण्यात भिजवायचे आणि तपासणी पहिल्यापासून करायची. बोट थांबत नाही. हा नियम तिचाच होता. तिने मला हातात घेतले. मग मला परत बादलीत ठेवले.

"एक दिसलं. न दिसलेली किती, कोण सांगणार?" ती म्हणाली आणि खाली बसून नाड्या सोडू लागली. "तू जा. बेटावरच्या खिंडीजवळ माझा अल्बाट्रॉस शोध. उजव्या पायात कडं आहे. नंबर चारशे सतरा."

बोट गेली. ती अनवाणी कठड्याशी येरझाऱ्या घालत राहिली. मी बादलीत आपटत होतो.

तीन तासांनी मर्डोक आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"दिसला एक. घरट्यावर बसला होता. मग उठून उभा राहिला. उजव्या पायात कडं होतं."

"नंबर?"

"वाचता नाही आला. पाच मीटरच्या आत जायचं नाही, तूच म्हणाली होतीस."

ती त्याच्या पायांशी खाली बसली. मग म्हणाली, "बरोबर केलंस. दे तो बूट इकडे."

आपले बूट आपणच घासायचे, हाही तिचाच नियम. तो तिने त्या दिवशी मोडला. काळा चिखल तिच्या बोटांवरून ओघळत होता आणि ती तो लगेच धूत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. आता मला दुसरे हात धरतात, घाईचे. माझे केस झिजले आहेत, शिवणीत पोहोचत नाहीत. कोपऱ्यात काय राहून गेले असेल, या विचाराने मला स्वस्थता नाही.

मित्रांनो, कुठल्याही रानात पाऊल टाकण्याआधी बुटाची जीभ उलटून पाहा, खिसे झटका. आणि दुसऱ्यांचे बूट तपासून झाले, की आपलाही पाय वर करा.