आजीनं उघडलेलं पान

सादिकानं एंटर दाबलं. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत तिनंच लिहिलेले शब्द उमटले : सर्व्हर सुरू आहे.

"आजी, लिंक पाठवलीय. उघडा बरं."

लसूण सोलत बसलेल्या सोजरबाईंनी हात पदराला पुसले. पुनावळ्यातलं हे घर त्यांचं. वरच्या खोल्यांत सादिकाचं कुटुंब भाड्यानं राहायचं. कीर्तन कुठंही असो, सोजरबाई पुढच्या रांगेत. म्हणून सादिकानं चौकाचौकातले फ्लेक्स वाचून आठवड्याच्या कीर्तनांचं एक पान केलं होतं, आणि मागेल त्याच्या फोनवर ते पोचवायला जावास्क्रिप्टमध्ये छोटासा सर्व्हर. उद्या मुलाखत होती. दुसऱ्या कुणी खरंच वापरून पाहिलेलं काहीतरी दाखवा, असं कंपनीनं कळवलं होतं.

"उघडलं की! लई ग्वाड केलंयस."

सादिका काळ्या खिडकीकडे बघत राहिली. कुणी पान मागितलं की तिथं एक ओळ उमटायला हवी होती. उमटली नव्हती. मग तिनं पाठवलेला पत्ता पुन्हा वाचला : लोकलहोस्ट. तिनं कपाळाला हात लावला.

"आजी, हा पत्ता म्हणजे 'मी स्वतःच'. तुमच्या फोननं ते पान तुमच्याच फोनमध्ये शोधलं. तिथं कसं सापडेल?"

सोजरबाई जरा ओशाळल्या.

"कीर्तनात बी तेच सांगत्यात, आपल्या आतच हुडका म्हणून. मला तिथं बी काय गावत न्हाई बग."

सादिकाला हसू आवरेना.

"मग उघडलं का म्हणालात?"

"तुजं त्वांड बघून."

सादिकानं लॅपटॉपचा वायफायवरचा आकड्यांचा पत्ता शोधला, आजींचा फोन त्याच वायफायला जोडला आणि नवी लिंक पाठवली. खिडकीत ओळ उमटली.

या वेळी सोजरबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. चष्मा लावून अंगठ्यानं पान सरकवत राहिल्या. भुवया जवळ आल्या.

"ह.भ.प. कुठाय?"

"ते होय? सगळ्याच महाराजांची आद्याक्षरं एकच कशी असतील? फ्लेक्सवाल्याची चूक समजून काढून टाकली."

"आगं बये! हरिभक्त परायण हाय त्ये! नुसतंच नाव टाकतीस, म्हाराज काय तुज्या अब्बाच्या ग्यारेजातला पोरगा हाय व्हय? आन् थेरगावचं कीर्तन सकाळी न्हाई, सांच्याला असतंय."

सादिका लॅपटॉप उचलून आजींना खेटून बसली.

"आणखी काय चुकलंय, आजी?"