तेरखेड्याचा अर्धा शिक्का

मामांच्या वहीत आपल्या जिल्ह्यातल्या एकशे अकरा गावांचे टपालशिक्के आहेत. मामा म्हणजे माझे सासरे, हिंमतराव. चौतीस वर्षं त्यांनी पोस्टात टपाल निवडलं. आता काचबिंदूनं नजर नेली, कमरेनं चालणं नेलं. माकणीच्या घरात दिवसभर आम्ही दोघंच. मालक लातूरला नोकरीवर, शनिवारी येतात. मुलगा कुमार पुण्याला.

पूजा, पोथीचा एक अध्याय आणि तुळशीच्या अकरा प्रदक्षिणा झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही. ते उरकलं की मामांना भरवायचं आणि तिकिटांचा डबा घेऊन खाटेपाशी बसायचं. पाकिटांवरून कातरलेली जुनी तिकिटं. निम्मा शिक्का तिकिटावर, निम्मा पाकिटासंगं गेलेला. मी उरलेली अक्षरं सांगायची, गाव मामांनी ओळखायचं.

"काय दिसतंय?"

"एकच अक्षर, मामा. दीर्घ ई. पुढचं कातरलंय."

"ईच्या आधी जागा मोकळी हाय?"

"बरीच आहे."

"मग ईट! एवढं थोरलं गाव अन् नाव बघ केवढं. शिक्का करणाऱ्याचं पितळ वाचलं."

स्वतःच्याच बोलण्यावर ते खोकला येईपर्यंत हसायचे. मग मी पाठ चोळायची. चार वर्षं हेच. दर दोन तासाला त्यांना कूस बदलून द्यावी लागते, म्हणून देवळातसुद्धा मी पळत जाते अन् पळत येते.

वहीत कोरं होतं ते फक्त तेरखेड्याचं पान. माझं माहेर. "फटाक्याचं गाव ते, तिथला कागद टिकतोय व्हय!" असं मामा म्हणायचे. मी वाईट वाटून घेत नसे. माझ्याकडं तरी माहेराचं काय उरलं होतं? अठ्ठावीस वर्षं मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

तेव्हा मी सोळा सोमवार करत होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सतराव्या सोमवारी उद्यापन, त्या वर्षी राखीपौर्णिमाही त्याच दिवशी. उद्यापन झालं, जोडपी जेवून गेली, आणि मंगळवारी सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कोपरा फाडलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. कोपरा फाडलेला म्हणजे मौतीची खबर. आदल्या बुधवारीच आई गेली होती.

तेरखेड्याला पोचले तेव्हा राखसुद्धा पाण्यात सोडून झाली होती. मी भागवतदादाला विचारलं, "आजारी होती तेव्हाच का कळवलं नाहीस?"

"पाकीट टाकलं होतं गंगे. सहा तारखेला."

"आमच्या घरात पोस्टातला माणूस आहे. आलेलं पत्र मला कळलं नसतं का?"

दादा खाली बघत राहिला. मला वाटलं, खोटं सापडलं म्हणून बघतोय. त्यानंतर मी त्याला राखी बांधली नाही. पुढल्या वर्षी कुमार झाला. सगळे म्हणाले, सोमवार फळले.

परवा डब्याच्या तळाचा कागद गंजानं चिकटला होता, म्हणून बदलायला काढला. त्याखाली एक चपटी पुडी. पुडीत एकच तिकीट, पाकिटाच्या तुकड्यासकट. शिक्क्याची वरची कमान पुसट, मधली दोनच अक्षरं धड.

"मामा, 'र' अन् 'खे'. मागंपुढं काही नाही."

एका ईवरून गाव सांगणाऱ्या माणसाला दोन अक्षरं पुरेनात.

"तसली लई गावं हाईत," ते म्हणाले. "खराब म्हणून लिही अन् ठेव बाजूला."

"तारीख स्वच्छ आहे. सहा ऑगस्ट सत्त्याण्णव."

तिकिटाच्या कडेला चंदेरी अंगठा उमटलेला होता. फुलबाज्यांत घालायची पूड. दादाच्या हाताची ती कधी निघायचीच नाही. भाकरीवर, दारावर, आईच्या लुगड्यावर, सगळीकडं त्याचे अंगठे.

मामांचा हात गोधडीवर काहीतरी शोधत होता.

"कुठं गावलं?"

"डब्याच्या तळाला."

"म्या न्हाय फोडलं ते पत्र. तुझ्या सासूनं फोडलं. आईला जास्त हाय, लौकर ये, एवढंच होतं. ती म्हणली, ही आत्ता गेली अन् तिथं काय कमीजास्त झालं, तर सोमवार सुतकात बुडतेत. दोनच ऱ्हायलेत, होऊ द्या. सुतक कळल्यापासनं धरतेत. न कळल्याचा दोष लागत न्हाय."

"आणि तुम्ही?"

"पत्र चुलीत घातलं म्या. शिक्का तेवढा... तेरखेड्याचा न्हवता माझ्याकडं. जाळायला हात धजला न्हाय."

मी आवाज चढवत नाही. तो नेमच आहे माझा. पण त्या वेळी चढवायचा म्हटलं तरी कुणावर? आत्याबाई जाऊन नऊ वर्षं झाली. मामांना सांजचा घास मलाच द्यायचा होता. ते पत्र मला मिळायला हवं होतं, असं देवापुढं म्हणायला गेले, तर त्या म्हणण्याच्या पलीकडं माझा कुमार उभा. धड रडताही येईना.

वही घेतली. कोऱ्या पानावर तुकडा डकवला आणि खाली लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं अशी मामांची रीत. मी वाचलं, "तेरखेडा. सहा ऑगस्ट एकोणीसशे सत्त्याण्णव. पाठवणार भागवत." पाठवणाऱ्याचं नाव आम्ही कधीच लिहीत नाही.

दादाचा नंबर भाचीच्या लग्नपत्रिकेवर होता. त्या लग्नालाही मी गेले नव्हते. तिथंच खाटेपाशी बसून लावला.

"कोण?"

"शिवगंगा. तुझं पाकीट गावलं दादा. सहा तारखेचं."



"पोचलं व्हतं, मला ठावं हाय. पोस्टातल्या माणसाच्या घरचं पत्र हरवतंय व्हय," तो म्हणाला.

"मग तेव्हा भांडला का नाहीस?"

"भांडून काय करू? त्याच घरात नांदायचं व्हतं तुला. सासूसासऱ्यावर आळ घेतला म्हणून त्यांनी तुला माघारी लावलं असतं, तर ऱ्हायली असतीस कुठं? म्हणलं, माझ्यावरच राग धर."

म्हणजे यानंही माझ्या भल्यासाठीच. ज्यानं त्यानं माझं भलंच पाहिलं, आणि मी या खाटेपाशी बसलेली.

"कधी येतीस गंगे?"

"मला घर सोडता येत नाही, दादा."

"मग मी येतो. रविवारी."

मामांचे कान अजून तिखट आहेत. उशीवरून ते हळूच म्हणाले, "ये म्हणावं त्याला. मी झोपलेला असंन."

"मामा, तुम्ही जागे राहा."

हे मी आवाज चढवून म्हणाले नाही. तरी त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

"काय म्हणतेत?" दादा विचारत होता. "गंगे, कोण बोलतंय?"

मी फोन मामांच्या कानाला लावला आणि तसाच धरून बसले.