टिकलीची खूण

इंद्रायणीबाईंनी कपाळावरची टिकली नखानं उचलली आणि गाडीच्या पुढच्या काचेवर बाहेरून, नेमकी मधोमध दाबून बसवली. आत ड्रायव्हरच्या सीटवर कृष्णकांत ब्लेडनं काचेवरचा जुना गोंद खरवडत होते. मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या दुकानदारानं गोंदाची नळी देताना दोनदा बजावलं होतं, आधी बाहेरून खूण करा, आतून खुणेवर लोखंडी चकती दाबून धरा, ती पक्की बसली की मगच तिच्यात मागचं दाखवणारा आरसा अडकवा.

"उन्हानं सुटतो गोंद," कृष्णकांत सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले.

मे महिना होता, ऊन होतंच. वरचा बहावा पिवळ्या पाकळ्या टाकून टाकून थकला होता. पण आरसा उन्हानं निघाला नव्हता. सकाळी गाडी पुसायच्या निमित्तानं इंद्रायणीबाई आत शिरल्या, आरसा पाहिला, आणि मान पिरगाळावी तसा पिरगाळला. तो चकतीसकट हातात आला.

त्याला कारणही तसंच होतं. सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर कृष्णकांतांनी ही गाडी घेतली, तिला आता तीन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत बायकोला त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावायला सांगितलं नाही. गेले दोन महिने मात्र दर गुरुवारी ते सेक्टर सतराच्या बँकेत जातो म्हणून निघायचे, आणि गाडी परत यायची तेव्हा सीट पुढे ओढलेली, आरसा खाली कललेला. सहा फुटी माणसाचे गुडघे त्या जागेत मावले नसते. तिथे मावेल असं या इमारतीत एकच माणूस होतं, वरच्या मजल्यावरची सुहासिनी. विद्यापीठात शिकवते, नागपूरकडची, लग्न केलेलं नाही, उंची जेमतेम पाच फूट. परवाच्या गुरुवारी ती कोपऱ्यावरच गाडी उभी करून उतरली आणि कोणी बघू नये अशी पायी चालत घरी आली. इंद्रायणीबाईंनी गॅलरीत वाळवण उलटताना सगळं पाहिलं होतं. वहिनी वहिनी करत डाळीची वाटी मागायला येते, पदवीधर मेली, डाळ संपली हे आधी कळत नाही तिला.

चौथी शिकलेल्या बाईनं अशा वेळी काय करायचं? त्यांनी वाट बघायचं ठरवलं होतं. तेवढा धीर हाताला निघाला नाही, एवढंच.

कृष्णकांतांनी चकतीला गोंद लावला, काच बोटांनी चाचपली आणि चकती टेकवली. टिकलीपासून चार बोटं डावीकडे.

"बसली ना बरोबर?"

इंद्रायणीबाई काचेच्या पलीकडे समोर उभ्या होत्या. लक्ष कुठं आहे या माणसाचं, ते का आम्हाला ठाऊक नाही, असं मनात म्हणत त्यांनी रागारागानं नाक फेंदारलं, डोळे वटारले, आणि साठीची बाई असून जीभ काढून वाकुली दाखवली.

कृष्णकांत त्यांच्याकडेच बघत होते. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बसली ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

बाईंची जीभ हळूच आत गेली. त्या वळसा घालून डाव्या दारानं आत आल्या, शेजारी बसल्या, नवऱ्याचा अंगठा धरला आणि गोंद ओला होता तोवर चकतीसकट टिकलीवर ओढून आणला.

"दाबून धरा. साठपर्यंत मोजते मी." हात त्यांनी सोडला नाही. "एक, दोन, तीन. कधीपासून दिसत नाही?"

कृष्णकांतांनी चकती आणखी जोरानं दाबली.

"दहा, अकरा. विचारतेय मी."

"उजव्यानं मार्चपासून. डाव्यानं दिसतं कडेकडेनं. दर गुरुवारी डॉक्टर बोलावतात."

"एकोणीस, वीस. आणि ती?"

"तिला गाडी चालवता येते."

"मला सांगता येत नव्हतं?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मुलाला बंगळूरहून बोलावलं असतंस."

हे खरं होतं. पुढचे आकडे बाईंनी सावकाश मोजले. बत्तीसनंतर चौतीस आला. दोन महिने त्या बयेला ठाऊक होतं. हा माणूस पायऱ्या चुकतो का, वाटेत किती अडखळतो, हे तिनं पाहिलं; आणि आपण इथं त्याला रोज भाकरी वाढतो, आपण सीट मोजत बसलो.

"साठ," त्या म्हणाल्या, आणि मग आणखी दहा मोजले.

अर्ध्या तासानं आरसा चकतीत अडकला. कृष्णकांतांनी हलवून पाहिला, नव्यापेक्षा पक्का होता. इंद्रायणीबाईंनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवरून उठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तिथं बसल्या. पाय पोचेनात, म्हणून सीट पुढे ओढली. ती थेट सुहासिनीच्या खाचेत जाऊन बसली. त्या खाचेवर बाई क्षणभर चिडल्या, मग आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला जुळवला. म्हणजे तिच्याही.

"मागे बसा."

कृष्णकांत मधोमध बसले. आरशात त्यांचा अख्खा चेहरा आला, नाकावरच्या तिळासकट.

"सरका. माझ्या मागे. अजून."

ते खिडकीला टेकले. आरशात आता फक्त रिकामी सीट आणि मागची काच उरली.

"गुरुवारी इथंच बसायचं. पुढे तिच्या शेजारी मी बसणार."

"इथून मला पुढचं काही दिसणार नाही."

"कुठूनही कुठं दिसतंय तुम्हाला."

मागे कृष्णकांत हसले. मार्चपासून ते असे हसलेले बाईंना आठवत नव्हतं.

त्या उतरायला निघाल्या, थांबल्या. रस्त्यावर कोणी नाही असं पाहिलं. मग एका बोटानं आरसा किंचित, अगदी तिळभर वळवला, नवऱ्याचा एक कान कडेला आत येईपर्यंत.